डावीकडचं कोपर

आमच्या मुलीचा, गझालाचा निकाह ज्या वर्षी ठरला आणि त्याच वर्षी मोडला, ते २००४ साल. दिवाळी आणि ईद तेव्हा एकाच आठवड्यात आल्या होत्या. शेजारच्या तानाबाईच्या चकल्या आमच्याकडे आणि आमचा शीरखुर्मा तिच्याकडे, अशी ताटं दोन दिवस फिरत होती. गझालाला पाहून गेलेला मुलगा पुसदचा, गॅरेजवाला. डिसेंबरातली तारीख धरली होती.

माझा नवरा अन्सार कळंबच्या बाहेर, वामनरावांच्या जिनिंगमध्ये फिटर होता. सरकीपासून रुई वेगळी करणारी यंत्रं बिघडली की तो पोटावर सरपटत त्यांच्याखाली जायचा. बावीस वर्षं त्यानं तेच केलं. १८ नोव्हेंबरला, गुरुवारी, कापूस खरेदीचा मुहूर्त होता. पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो काढले. दुपारी दीडच्या सुमारास कापसाच्या मोठ्या गंजीतून धूर निघाला. कापूस आधी आतून जळत जातो. वर दिसतो तेव्हा तो हातातून गेलेला असतो. गंजीच्या पलीकडे रामीबाई बसून कचरा वेचत होती. तांड्यावरची बाई, माझ्याच वयाची. तिला बाहेर काढलं तोवर ती कमरेपासून वर भाजली होती. ती वाचली नाही.

चौथ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, पण फोटो कळायला अक्षर लागत नाही. अन्सार उभा, मान झुकलेली, दोन्ही तळव्यांच्या आडोशाला पेटलेली काडी. मागे भिंतीसारखा पांढरा कापूस. डोक्यावर एक पाटी. पाटीवरचं माझ्या मुलानं, फैजनं वाचून दाखवलं: येथे विडी-सिगारेट ओढण्यास सक्त मनाई आहे. त्या फोटोत दुसरं काही नव्हतं. माणूस, काडी आणि कापूस.

पोलिसांनी अन्सारला आठ दिवस ठेवलं. पुरावा पुरेना म्हणून सोडलं. घरी आल्यावर त्यानं सांगितलं की तो मालकांची सिगारेट पेटवून देत होता. वामनराव त्याच्या समोर, हाताच्या अंतरावर उभे होते. वामनरावांनी मात्र पोलिसांना सांगितलं होतं की ते तेव्हा फाटकाजवळ वजनकाट्यापाशी होते आणि अन्सारला विडीची खोड जुनीच. अन्सार बोलत होता आणि तो कागद माझ्या मांडीवर होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, कागदाकडे पाहिलं आणि म्हटलं, "काडी तर तुमच्याच हातात दिसून राह्यली."

तो उठून बाहेर गेला. त्यानंतर आठ वर्षं त्यानं त्या दिवसाचं नाव काढलं नाही. हे मी आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी दुसऱ्यांचे हिशोब काढणार आहे आणि माझा बाकी राहायला नको.

पुसदच्या लोकांनी निरोप पाठवला की आग लावणाऱ्याच्या घरात सोयरीक नको. गझालाचं लग्न पुढे पाच वर्षांनी दारव्ह्याच्या एका बिजवराशी झालं. अन्सारला कुठल्याच जिनात काम मिळेना. पोरं त्याला 'काडीपेटी' म्हणून हाक मारत. रामीबाईचा मुलगा डोंगरसिंग कापूस बाजारात हमाल होता. तो बाजाराच्या दिवशी आमच्या दारावरून जायचा, थांबायचा, थुंकायचा आणि पुढे जायचा. कधी चुकला नाही. पावसात छत्री मिटून थुंकायचा.

अन्सारच्या हातात कसब होतं, म्हणून त्यानं फोटो मढवायचं काम घरी सुरू केलं. चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची टपरी झाली. गणपतीच्या फोटोला सोनेरी पट्टी लावायची, काच कापायची, मागे पुठ्ठा ठोकायचा. मीही शिकले. काच कापताना दाब किती द्यायचा ते मला अन्सारपेक्षा लवकर कळलं. गावातला फोटोग्राफर देवीलाल आमच्याकडे गिऱ्हाईक पाठवायचा. इतका का पाठवतो याचं मला तेव्हा नवल वाटे.

आमच्या कामात एक गोष्ट नेहमीची. माणूस मेला की घरचे लोक फोटो शोधतात आणि त्याचा एकट्याचा फोटो नसतो. मग ते लग्नातला, बारशातला, बारा जणांचा फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, यातले आमचे आजोबा काढून द्या, हार घालायचा आहे. त्यासाठी देवीलालनं मला पुठ्ठ्याचे दोन काटकोन करून दिले होते. ते फोटोवर ठेवायचे आणि मागेपुढे सरकवायचे. चौकट लहान होते, मोठी होते. लग्नात हसणारा माणूस एकटा काढला की वेड्यासारखा हसताना दिसतो. बायकोकडे पाहणारा माणूस, बायको कापली की रडका दिसतो. देवीलाल म्हणायचा की माणसाची नजर आधी दुसऱ्या नजरेकडे जाते. फोटोत कोणी आपल्याकडे पाहत असेल तर बाकी सगळं मागाहून दिसतं. आणि कापताना मागे कोणाचं बोट, कोणाचा खांदा राहू द्यायचा नाही. त्याचं तो फार जपायचा. कितीतरी हाराच्या फोटोंत मेलेल्या माणसाच्या खांद्यावर कोणाचा तरी नुसता पंजा असतो.

२०१२ साली देवीलालनं दुकान बंद केलं. रिकाम्या चौकटी, काचा आणि निगेटिव्हची तीन खोकी आमच्याकडे टाकून तो मुलाकडे नागपूरला गेला. जाताना अन्सारला म्हणाला, "मालकानं सांगतलं, मी कापून देल्लं. मले माफ कर." अन्सारनं त्याला चहा पाजला. मी पाजला नसता.

त्या दिवशी अन्सार आठ वर्षांनी बोलला. मुहूर्ताचे फोटो संपल्यावर रोलमध्ये एक फोटो शिल्लक होता. रोल संपल्याशिवाय धुवायला देता येत नाही, म्हणून देवीलालनं दिसेल तिकडे कॅमेरा धरून बटण दाबलं. समोर अन्सार मालकांना काडी धरत होता. पुढे पोलीस फोटो मागायला आले तेव्हा वामनराव त्यांच्याआधी देवीलालकडे जाऊन आले होते. अन्सारनं खोक्यांकडे बोट दाखवलं. देवीलाल काही फेकत नाही, म्हणाला, त्यात असंल. शोध म्हणाला नाही. ९ मार्च २०१३ ला तो गेला. छातीत रुई बसली होती, असं डॉक्टरनं सांगितलं.

मी शोधायचं ठरवलं. खोक्यांत तीन हजारांवर पाकिटं होती. प्रत्येक पाकिटावर देवीलालच्या हातचं नाव आणि तारीख. कोणाला वाचायला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी ते वामनरावांच्या ओट्यावर पोचलं असतं. फैज रागीट, त्याला सांगणं म्हणजे भांडण. म्हणून मी थांबले. फैजची मुलगी जेबा पहिलीत गेली तेव्हा तिच्याबरोबर मीही पाटी घेऊन बसले. मला साठावं लागलं होतं. घरात सगळे म्हणाले, दादीला शिकायची हौस आली. जेबा माझ्या पाटीवर नाक टेकवून पाहायची आणि म्हणायची, "दादी, तुझा र झोपला. उठव त्याले." मी उठवायची. हौस नव्हती. मी अक्षरं शिकले ती वामनरावांसाठी.

माझं पहिलं पुस्तक म्हणजे देवीलालची पाकिटं. रोज दुपारी गिऱ्हाईक नसताना मी वाचायची. बारसं, वास्तू, साखरपुडा, निरोप समारंभ. दीड वर्ष लागलं. दुसऱ्या खोक्याच्या तळाशी सापडलं: वामनराव, जिनिंग, मुहूर्त, १८/११/०४. शेवटची पट्टी मी उजेडावर धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. कापूस काळा होता, वामनरावांची टोपी काळी होती आणि अन्सारच्या तळव्यांत काडीचा काळा ठिपका होता. मी पट्टी परत पाकिटात ठेवली, पाकीट कुराणाशेजारी फळीवर ठेवलं आणि वेळेची वाट पाहिली.

वेळ चालत आली. २०२३ च्या जानेवारीत वामनरावांचा मुलगा अमर टपरीवर आला. वडिलांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. मंगल कार्यालयात सत्कार होता आणि भिंतीवर त्यांच्या आयुष्यातल्या फोटोंची रांग लावायची होती. एकवीस फोटो त्यानं आणले होते. अमर आगीच्या वेळी पुण्याला शिकायला होता. मी कोण हे त्याला माहीत असेलही, पण ज्यांच्या अंगावर ओझं नसतं त्यांना आठवत नाही. तो गोड बोलतो. मला म्हणाला की सगळे फोटो आहेत, फक्त जुन्या जिनाचा एकही नाही, आगीत गेले, बाबांना त्याची फार खंत आहे.

मी म्हटलं, "एक माह्याजवळ असंल."

"खरं? मग लाव ना चाची," तो म्हणाला. "मधोमध लाव. बाबांना सांगू नको, त्यांना तिथंच पाहू दे."

मी त्याला दोनदा विचारलं, आधी पाहून घे म्हटलं. तो म्हणाला, तुझ्यावर विश्वास आहे. हे त्याचे शब्द मी मुद्दाम इथे लिहिते. कोणी म्हणू नये की मी चोरून टांगला.

निगेटिव्ह घेऊन मी एसटीनं यवतमाळला गेले. तिथे नयन नावाच्या माणसाकडे अजून जुनी निगेटिव्ह छापून मिळतात. त्यानं ती संगणकाच्या पडद्यावर उघडली आणि मी पहिल्यांदा पूर्ण फोटो पाहिला. उजवीकडे वामनराव, टोपी घातलेले, ओठांत सिगारेट, मान काडीकडे वाकवलेली. मध्ये माझा अन्सार. दोघांच्या डोक्यावर पाटी. खाली उजव्या कोपऱ्यात कॅमेऱ्यानं उठवलेली तारीख. देवीलालनं कसं केलं असेल ते मला दिसलं. दोन काटकोन ठेवले, उजवा आत सरकवला, मालक गेले. तेवढं सरकवायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे.

डावीकडे, गंजीच्या पायथ्याशी, एक बाई बसली होती. अंगात आरशांची काचोळी, कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बलिया, म्हणजे तांड्यावरच्या बायकांच्या बांगड्या. डोळ्यांवर उन्हासाठी हात धरून ती सरळ कॅमेऱ्याकडे पाहत हसत होती. ती रामीबाई होती. मी ओळखली. वर्तमानपत्रातल्या फोटोत तीही नव्हती.

नयन म्हणाला की ही बाई फार सुंदर आली आहे. तेच तर वाईट होतं. पडद्याकडे पाहिलं की नजर पहिली तिच्याकडे जायची. मग पाटीकडे, मग अन्सारकडे आणि शेवटी वामनरावांकडे. मला ते उलटं हवं होतं. हॉलमध्ये शिरणाऱ्या माणसाला आधी मालकांचे ओठ दिसायला हवे होते.

"डावीकडून कापा," मी म्हटलं.

"आजी, बाई जाईल सगळी."

"जाऊ द्या. तिचं आज काम नाही."

त्यानं कापलं. मग वामनराव मोठे झाले, सिगारेट बोटाएवढी झाली. डाव्या कडेला काही पांढरं उरलं होतं, ते मला कापसासारखंच वाटलं. मी तो चांगला दोन हात रुंद छापून घेतला, सगळ्यांत महाग पट्टी लावली आणि खाली माझ्या हातानं लिहिलं. इतरांच्या खाली अमरनं छापील कागद दिले होते. माझं अक्षर मोठं आणि वाकडं, पण वाचता येतं.

दोन निरोप पाठवले. एक तानाबाईला, कारण तिच्या तोंडून गावाला कळतं. दुसरा फैजच्या हाती डोंगरसिंगला: मंगल कार्यालयात ये, तुझ्या आईचा गुन्हेगार दाखवते.

सत्काराच्या दिवशी फैजनं आणि मी सकाळीच फोटो टांगले. मधला वर्तमानपत्रानं झाकून ठेवला. अमरनंच तो कागद ओढून काढला, वडिलांचा हात धरून त्यांना समोर आणल्यावर. मागे बाजार समितीची माणसं, व्यापारी, पाहुणे. अमरची मुलगी सुरभी आठ-नऊ वर्षांची. ती प्रत्येक फोटोखालचं मोठ्यानं वाचत आली होती आणि सगळे तिचं कौतुक करत होते. तिनं माझंही वाचलं.

"अठरा नोव्हेंबर दोन हजार चार, सकाळ. काडी धरणारा अन्सार फिटर. सिगारेट मालकांची." मग तिनं वर पाहिलं आणि पाटीही वाचली. आणि हसून म्हणाली, "आबा, तुम्ही पाटीखालीच पेटवली."

मागून तानाबाईचा आवाज आला, बारीक पण सगळ्यांना ऐकू जाईल असा: "बाई वो, हे तर फाटकाजवळ होते म्हन."

वामनरावांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. त्यांच्या मानेची शीर उडत होती. ते मी डोळे भरून पाहिलं. अठरा वर्षांची उपासमार होती माझी. अमरनं त्यांचा दंड धरला, त्यांनी तो झटकला. माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "काय पाह्यजे तुले, सुग्राबी?"

"काही नाही, मालक. तुम्ही कापून दाखवला होता. हा पूर्ण हाय."

ते उभ्या उभ्या म्हातारे झाले. खुर्ची आणा म्हणून कोणीतरी धावलं. मी डोंगरसिंगला शोधत होते. तो दाराजवळ उभा होता, खांद्यावर हमालाचा पंचा. लोक बाजूला झाले आणि तो फोटोपुढे आला. वामनरावांकडे त्यानं पाहिलं नाही. अन्सारकडेही नाही. तो डाव्या कडेला नाक लावून उभा राहिला, जेबा माझ्या पाटीला लावायची तसं. मग त्यानं काचेवर बोट ठेवलं.

"ह्या बलिया हायत," तो म्हणाला. "हे कोपर माह्या याडीचं हाय."

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मी जवळ जाऊन पाहिलं. जे मला कापूस वाटलं होतं ते कोपर होतं. कापताना मागे कोणाचं काही राहू द्यायचं नसतं, आणि ते राहिलं होतं.

"चाची, बाकीची याडी कुठं हाय?"

मी हातानं काचेची ती कड पुसली.

"पूर्ण हाय म्हनलं ना तू आत्ता," तो म्हणाला. "मंग बाकीची कोनं कापली?"

ते त्यानं वामनरावांना नाही, मला विचारलं होतं. सगळ्या हॉलनं ते ऐकलं. वामनरावांनीही ऐकलं, आणि खुर्चीत बसता बसता त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या शेजारीच बसले आहे. ती नजर मी त्यांना कधी माफ करणार नाही.

मी म्हटलं, "म्या कापली."

डोंगरसिंग मान हलवून निघून गेला. थुंकला नाही. थुंकला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा यवतमाळला गेले आणि न कापता फोटो छापून आणला. फैजला तांड्यावर पाठवलं. डोंगरसिंग संध्याकाळी टपरीवर आला. त्यानं पूर्ण फोटो हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. त्याच्या घरी आईचा एकही फोटो नव्हता. तिचं तोंड कसं होतं ते तो विसरत चालला होता, असं त्यानं सांगितलं. हसताना तर आठवतच नव्हती. मग म्हणाला, "अन्सारचाचाच्या दारात म्या लय वर्सं थुकलो."

"हो," मी म्हटलं. "मी मोजत होते."

त्यानं चौकट मागितली. हार घालायचा आहे, म्हणाला, मालक नको, कोणी नको, फक्त याडी. मी देवीलालचे दोन काटकोन काढले. एक डावीकडे ठेवला, दुसरा उजवीकडून आत सरकवत आणला. आधी वामनराव गेले. मग काडी गेली. मग अन्सारचं एक कोपर उरलं, तिच्या ओढणीजवळ. तेवढं ठेवलं असतं तर चाललं असतं, डोंगरसिंगनंही राहू दे म्हटलं. माझ्याकडे अन्सारचा या एकाशिवाय दुसरा फोटो नाही. पण मी काटकोन आणखी थोडा सरकवला आणि तिथे खूण केली. काम करायचं तर नीट करावं.

पूर्ण फोटो माझ्या टपरीत टांगला आहे, रस्त्यावरून दिसेल असा. चिंतामणीला जाणारे लोक थांबून पाहतात. अमर दोनदा सांगायला आला, काढ म्हणून. मी म्हटलं, तूच मधोमध लाव म्हनलं होतं. वामनराव अजून जिवंत आहेत. घराबाहेर पडत नाहीत, असं तानाबाई सांगते, आणि मी तिला ते रोज पुन्हा सांगायला लावते. त्यांच्या हाराच्या फोटोसाठी मी चौकट आत्ताच कापून ठेवली आहे. गावात एवढी मोठी चौकट दुसरं कोणी करत नाही. आत कोणता फोटो घालायचा ते ठरलेलं आहे.

डोंगरसिंगच्या चौकटीखाली मी माझ्या हातानं लिहून दिलं. त्याला वाचता येत नाही, म्हणून दोनदा वाचून दाखवलं. रामीबाई. वामनरावांच्या जिनिंगमधल्या आगीत भाजली १८ नोव्हेंबर २००४ रोजी. मेली २१ नोव्हेंबर २००४ रोजी, रविवारी, सकाळी.